मीठ परत डब्यात

सोमवारी सकाळी आमचं स्वयंपाकघर रीड-ओनली झालं. म्हणजे बघायला मोकळं, बदलायला बंद. आमटीला उकळी येईपर्यंत सगळं ठीक होतं. मी मीठ टाकलं, तर ते चमच्यातनं सुटलं, आमटीपर्यंत गेलं, वळलं आणि परत डब्यात जाऊन बसलं. मी डब्याचं झाकण लावलं. झाकण उघडून मुकाट्यानं बाजूला झालं.

वरच्या मजल्यावर शेवंता मगदूमचंही तेच. तसं ते होणारच. तिचं आणि माझं स्वयंपाकघर एकावर एक चढलेलं आहे. तळाला माझं, वरचा थर तिचा. दोघींपैकी कुणाच्याही ओट्याशी उभं राहा, सामान दोघींचं दिसतं. एकाच वस्तूचे दोन डबे असले तर तिचा दिसतो, माझा मागं गप उभा राहतो. तिनं माझं काही टाकून दिलं तर ते जात नाही, तिथं नुसता पांढरा डाग पडतो आणि वस्तू डागाखाली राहते. कधीपासून चढलंय ते कुणाला आठवत नाही, आणि कुणाची तक्रारही नाही.

तक्रार आत्ता झाली. आमटीची चव कळायची, पण पोट भरायचं नाही. भरलं असतं तर आमटी कमी झाली असती, आणि कमी व्हायला परवानगी नव्हती. आम्ही बाहेरनं वडे आणून जिन्यात बसून खाल्ले. पण शेवंताची सून रूपा सातव्या महिन्यात, आणि येत्या रविवारी तिचं डोहाळजेवण. तिला वड्याच्या वासानंच कसंतरी व्हायचं. बुधवारी तिनं सासूला सांगितलं, "आत्याबाई, उद्यापर्यंत घरची मिठाची आमटी मिळाली नाही तर मी अथणीला माहेरी जाते. डोहाळजेवण तिकडंच करा."

शेवंताचा चेहराच उतरला. सगळ्या गल्लीला आमंत्रण गेलेलं. तिनं फैयाज मुजावरला बोलावलं. फैयाज कॉम्प्युटर दुरुस्त करतो, आणि वेळ असला तर घरंही.

त्यानं माझ्या ओट्यावर चमचा वाजवला आणि कान लावून ऐकलं. मग गॅसमागच्या भिंतीवरचा एक पांढरा डाग नखानं खरवडला. आतनं माझी मिश्रीची डबी निघाली.

"शेवंते!" मी म्हटलं. "उंदरानं नेली म्हणालीस ना?"

"दात बघा आक्का तुमचे आरशात," शेवंता म्हणाली.

"ह्यात बिघाड नाही," फैयाज म्हणाला. डाग हळूच परत मिटला, माझ्या डबीसकट. "घर घाबरलंय, आजी. वरच्या थराची आणि खालच्या थराची गोष्ट जुळत नाही. अशा वेळी घर कुणालाच हात लावू देत नाही. गेल्या रविवारी काय दिलं-घेतलं?"

"मी वाटीतनं ठेचा पाठवला. जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवली वाटी, नेहमीसारखी."

"खोटं," शेवंता म्हणाली. "मला काही मिळालं नाही."

"ठेवली म्हणते ना मी!"

"तुम्ही मागं वाटीतनं रबरी पाल पण पाठवली होती, आक्का."

हे खरं होतं, त्यामुळं माझ्या शब्दाला तिथं काही वजन उरलं नाही. फैयाजनं मान हलवली. "बरोबर. खालचं घर म्हणतंय वाटी वर गेली. वरचं म्हणतंय आलीच नाही. कुणीतरी मधेच धरून बसलंय."

दाराशी रूपा उभी होती. तिनं पदराखालनं वाटी काढली. तळाशी बोटभर ठेचा होता.

"जिन्यातनं उचलली," ती म्हणाली. "आत्याबाई तिखट खाऊ देत नाहीत. आणि सोमवारपासनं घरात मीठ लागलेलं एवढंच होतं. मी रोज जिभेला लावून पुरवत होते."

शेवंता काहीतरी बोलणार होती. मी तिला चिमटा काढला.

रूपानं वाटी ओट्यावर ठेवली. ओट्यानं ती घेतली नाही. वाटी सरकत सरकत दारातनं जिन्यात जाऊन थांबली. आम्ही सगळे तिच्यामागं जिन्यात गेलो.

"आत घेणं म्हणजे बदलच झाला," फैयाज म्हणाला. "आता बाहेरच मिटवायला लागेल. वाटी कुणाची?"

"माझी. नाव घातलंय बघ."

"मग काकू, आजींना परत द्या. रिकामी."

शेवंता दोन पायऱ्या मागं सरली. "रिकामी? वाटी कधी रिकामी देतात होय? पोरगी पोटुशी असताना?"

"भरून दिली की नवीन देणंघेणं सुरू, काकू. जुनं मिटतच नाही. ही वाटी आजवर एकदा तरी रिकामी परत गेलीय?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं. साखर गेली, लोणचं आलं. सांडगे गेले, लाडू आले. रिकामी कधीच नाही. आम्ही काय वाऱ्यावरच्या बायका आहोत?

"मी मेले तरी देणार नाही," शेवंता म्हणाली.

"तू मेल्यावर कशाला देशील? आत्ता दे," मी म्हटलं.

"तुम्हाला सगळी थट्टाच!"

आमचं हे चाललेलं असताना रूपा जिन्यात बसली. तिनं उरलेला ठेचा बोटानं निपटून खाल्ला, कडेनं बोट फिरवलं, तेही चाटलं आणि वाटी माझ्या हातात दिली.

"घ्या आजी. रिकामी आहे."

शेवंतानं डोळे मिटून घेतले. स्वयंपाकघरात सुर्र असा आवाज झाला. सोमवारपासून आम्ही दोघींनी जेवढं मीठ टाकलं होतं, तेवढं सगळं एकदम आमटीत पडलं. आमटी आता विहिरीत ओतायच्या लायकीची झाली असणार, असं मला वाटलं. रूपानं आत जाऊन पळी भरून चाखली आणि थाळी पुढं ओढली.

"आत्ता कुठं बरोबर झालीय," ती म्हणाली.

रविवारी डोहाळजेवण झालं. फैयाजला आवर्जून बोलावलं होतं. निघताना मी त्याला बायकोसाठी वाटीतनं बासुंदी दिली.

"आजी, वाटी नको," तो म्हणाला. "वाटी फिरायला लागली की घरं एकावर एक चढतात. पिशवीत द्या."

"बासुंदी पिशवीत? तुझी नसीम काय म्हणेल मला?"

त्यानं वाटी घेतली. दुसऱ्या दिवशी त्याच्या नसीमनं ती परत पाठवली, अर्थातच शीरखुर्म्यानं भरून. मंगळवारी सकाळी उठून बघते तर आमच्या ओट्याखाली बिर्याणीची मोठी तांब्याची डेग उभी. वरनं शेवंता ओरडली, "आक्का, ही डेग कुणाची हो?"

मी माझी कढई जरा सरकवून डेगेला जागा करून दिली.