वच्छलाताईंना इंग्रजी आलं

ही हकीकत लिहायचं मी सात-आठ वर्षं टाळत आलो. इथल्या आमच्या मराठी लोकांच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी वच्छलाताईंवर काहीतरी लिहा, असं मला दोनदा सांगण्यात आलं. दोन्ही वेळा मी डोळ्याच्या ऑपरेशनचं कारण पुढे केलं. ऑपरेशन एकाच डोळ्याचं होतं आणि ते केव्हाच झालेलं होतं. आता वय एक्याऐंशी आहे. आणखी कारणं शोधण्यात अर्थ नाही.

नॉटिंगहॅमच्या आमच्या रस्त्यावर टेरी नावाचा पोस्टमन पत्रं टाकायचा. धिप्पाड, लालबुंद, बर्फ पडत असला तरी हाफ पँट. हा टेरी वच्छलाताईंच्या दारात उभा राहून खणखणीत आवाजात म्हणायचा, "आज काही नाही बाई." आतून उत्तर यायचं, "बरं, जाय मंग."

हे त्याला ताईंनी शिकवलं होतं. नागपूरहून त्या मुलीकडे आल्या त्याला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. मुलगी मीना इथल्या सरकारी रुग्णालयात नर्स. एकोणीस वर्षांत ताईंनी इंग्रजी शिकायला साफ नकार दिला होता, आणि त्यामागे त्यांचं एक गणित होतं. "मी एकटी, अन् हे एवढे सारे. एकीनं साऱ्यांचं शिकण्यापरीस साऱ्यांनी एकेक शब्द शिकावा. कोणालेच जड जात नाही."

समोरच्याला मराठी कळलं नाही, तर त्या तेच वाक्य थोडं हळू आणि थोडं मोठ्यानं म्हणायच्या. तरीही कळलं नाही, तर माझ्याकडे वळून त्या माणसाबद्दल निकाल द्यायच्या, "त्याले समजते सारं. आळस करते."

बसचा ड्रायव्हर इथल्या पद्धतीप्रमाणे त्यांना 'डक' म्हणायचा. इथे लाडानं सगळ्यांनाच म्हणतात. डक म्हणजे बदक, हे कुणीतरी त्यांना सांगितलं. त्या दिवसापासून त्या बसमध्ये चढताना "काय रे बदका, बरा हायेस ना?" असं विचारायला लागल्या. ड्रायव्हर प्रत्येक वेळी खूश व्हायचा.

त्यांच्या पर्समध्ये नमुने असत. कोथिंबिरीची एक काडी, गेलेला बल्ब, गोळ्यांचं रिकामं पाकीट, कोटाचं सुटं बटण. दुकानात जायचं, नमुना काउंटरवर ठेवायचा आणि बोटांनी नग दाखवायचे. एकदा त्यांनी प्लंबरला दाखवायला गळका नळच काढून नेला होता. मग घरात पाणीच पाणी झालं, पण काय बिघडलंय हे त्याला एका नजरेत कळलं, हे मान्य करावं लागेल.

नमुन्यांनी भागत नसे अशा जागा तीनच. दवाखाना, बँक आणि चष्म्याचा डॉक्टर. तिथे मीना सोबत जायची.

मला हे सगळं बघवत नसे. आमच्या वस्तीत इंग्रजी पत्र वाचता येणारा पहिला मुलगा मी. कुणाच्याही घरी पत्र आलं की मला बोलावणं यायचं आणि बसायला पाट मिळायचा. इथे आल्यावर दिवसा सायकलच्या कारखान्यात काम आणि संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग, असं करत मी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसात खुर्चीवर पोचलो. ज्या भाषेनं मला वर काढलं ती शिकायचीच नाही म्हणजे काय, असं मला मनापासून वाटायचं. आजही वाटतं. इथे राहणाऱ्यानं इथली भाषा शिकावी, या मतापासून मी हललेलो नाही. मी हे मत कसं वापरलं, ते सांगायचं आहे.

"ताई, लायब्ररीत वर्ग आहे, फुकट आहे. गुरुवारी जात जा," मी म्हणायचो.

"तुम्ही जा ना जी. तुमाले जास्त गरज हाय."

"मला?"

"तुमचं इंग्रजी ऐकून टेरी 'पार्डन' म्हणते. माझं मराठी ऐकून कधी म्हणाला काय?"

हे खरं होतं. टेरी मला पार्डन म्हणायचा. पन्नास वर्षांच्या इंग्रजीला एक पोस्टमन पार्डन म्हणतो, ही गोष्ट ताईंनी मंडळात चार जणांसमोर सांगितली होती. सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर हसू आलं नाही.

पुढे लायब्ररीतच एक सभा झाली. बाहेरून येणाऱ्यांनी इंग्रजी शिकण्याची सक्ती असावी का, असा विषय. स्थानिक रेडिओवाले ध्वनिमुद्रण करणार होते आणि आपल्या लोकांतर्फे बोलायला मला बोलावलं होतं. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मी मंडळातल्या पाच-सहा जणांना घेऊन गेलो. ताई पहिल्या रांगेत बसल्या, मांडीवर पर्स ठेवून.

माझं भाषण रंगेना. लोक घड्याळं बघत होते. मग मला ताई दिसल्या.

मी इंग्रजीत म्हणालो की उदाहरण दूर शोधायला नको. या पहिल्या रांगेतल्या श्रीमती वच्छला. एकोणीस वर्षं या देशात आहेत. स्वतःचं पोट दुखतंय एवढंही डॉक्टरला सांगू शकत नाहीत. नोकरी करणाऱ्या मुलीच्या गळ्यातलं हे ओझं आहे. ही गरिबी नाही, हा हट्ट आहे, आणि असल्या हट्टाची आम्हालाच लाज वाटते.

सभागृह एकदम जागं झालं. सगळ्यांनी वळून बघितलं. ताईंना आपलं नाव ऐकू आलं होतं. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि चारी बाजूंना वळून हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्यासाठी होत्या. ताईंनीही वाजवल्या.

परतीच्या बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या.

"भाऊ, काय म्हणून राहिले होते जी माझ्याबद्दल?"

"कौतुक केलं."

"काय म्हटलं पण?"

"म्हटलं, या बाईंनी सगळ्या रस्त्याला मराठी शिकवलं."

त्यांनी तिकीट पर्समध्ये ठेवलं. मग म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या सभेत माझं नाव कोणी घेतलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी डबा भरून कोथिंबिरीची सांबारवडी आली. मी खाल्ली. चांगली झाली होती.

रेडिओवरचा कार्यक्रम मीनानं ऐकला. ती माझ्याकडे आली, तेव्हा भांडायला आली असेल असं वाटून मी दार उघडायला वेळ लावला. पण ती आभार मानायला आली होती.

"काका, ऐकताना वाईट वाटलं. पण तुम्ही चूक नाही बोललात. मीच आईला स्पॉइल केलंय. प्रत्येक अपॉइंटमेंटला शिफ्ट बदलून जायचं, मॅनेजरची बोलणी खायची. आता नाही जाणार. तिला सांगू नका हं, तुम्ही काय बोललात ते."

"नाही सांगणार," मी म्हणालो. हे वचन मात्र मी चोख पाळलं.

मीनानं गुरुवारच्या वर्गात आईचं नाव घातलं. दवाखान्यात फोनवरून मराठी बोलणाऱ्या दुभाषीची सोय करून घेतली. काही आठवड्यांनी ताई मला बसस्टॉपवर भेटल्या. हातात वही होती.

"कशी आहे दवाखान्यातली सोय?" मी विचारलं.

"चांगली हाय. फोनमधली बाई लय गोड बोलते. पुण्याकडची असन."

"मग झालं तर."

"हो. पण ते चहा प्यायले येत नाही ना."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता. मीनाच्या ड्युट्या सकाळच्या, रात्रीच्या. घरी आली की झोपते नाहीतर फोनवर असते. पण दवाखान्याच्या दिवशी ती अर्धा दिवस आईची असायची. बसमध्ये शेजारी बसायची. डॉक्टरांपुढे आईचा हात धरून आईचं सगळं दुखणं स्वतःच्या तोंडानं सांगायची. नंतर दोघी खालच्या कॅफेत चहा आणि एक केक घ्यायच्या, दोन चमचे मागून.

"घरी ते मले विचारत नाही, कुठं दुखते म्हणून. तिथं विचारावंच लागे तिले. इंग्रजी आलं असतं तर कायले आली असती ते माझ्यासंगं? म्हणून नाही शिकली मी, भाऊ. गणितबिणित काही नव्हतं. तुम्ही मीनाले सांगू नका. बिचारी थकून जाते, तिले वाईट वाटन."

बस आली. मी त्यांना आधी चढू दिलं आणि स्वतः पुढची बस घेतो म्हणालो.

त्यांना फार लवकर इंग्रजी आलं. इतकं लवकर, की निम्मं आधीच येत असावं. वर्षभरात त्या टेरीशी हवापाण्याचं बोलू लागल्या, आणि त्याचं मराठी सुटलं. पर्समधले नमुने गेले. ड्रायव्हरला त्या 'गुड मॉर्निंग' म्हणू लागल्या. जयंतीच्या कार्यक्रमात मंडळानं त्यांना प्रमाणपत्र दिलं. अध्यक्ष म्हणून ते माझ्या हातून दिलं गेलं. मीना त्या दिवशी ड्युटीवर होती.

एकदा मी ठरवून त्यांच्या घरी गेलो. आज सगळं सांगायचं, म्हणून चहा नको म्हटलं. मी "ताई," एवढं म्हणालो आणि फोन वाजला. दवाखान्यातून होता. ताईंनी इंग्रजीत नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. पोटात कुठे दुखतं, किती दिवस दुखतं, रात्री जास्त की सकाळी, सगळं नीट, न अडखळता सांगितलं. स्कॅनची तारीख वहीत लिहून घेतली आणि फोन ठेवला.

"एकटीच जाणार?" मी विचारलं.

"आता कोणाले कायले तरास द्यायचा," त्या म्हणाल्या. "बोला, तुम्ही काय म्हणून राहिले होते?"

मी म्हणालो, "काही नाही. सहज आलो होतो."

त्या सगळ्या तपासण्यांना एकट्या गेल्या. मीनाला आजार कळला तेव्हा फार उशीर झाला नव्हता, पण थोडा झाला होता. पुढच्या वर्षी त्या गेल्या. विहारात पुण्यानुमोदनाला मला बोलायला सांगितलं, आणि मी काय बोललो असेन? साठीनंतर इंग्रजी शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या माउली, असंच काहीतरी. समोर मीना रडत होती.

मीना, तू हे वाचशील म्हणून लिहितोय. तुझी चूक नव्हती. तुला ठाऊकच नव्हतं. मला बसस्टॉपवर कळलं होतं, आणि तुझं घर माझ्यापासून चार दारं सोडून आहे.

ताईंची माफी मागायची तर आधी मला ते भाषण मराठीत करून त्यांना ऐकवावं लागलं असतं, त्या सांबारवडीनंतर. मी ते कितीदा तरी मनात केलं. 'ओझं' या शब्दाशी येऊन थांबायचो. पुढचं वाक्य काही अवघड नव्हतं. 'ताई, मी चुकलो. तुम्ही मीनाचं ओझं नव्हता, आणि तुमचा तिच्याबरोबरचा चहा मी बंद केला.'