पारूआक्काची परात

आमच्या कासारवाडीच्या चाळीत कुणा बाईचा हात भाजला, की पारूआक्का आधी तिच्या बांगड्या उतरवायच्या आणि मग पोटातलं सगळं काढून घ्यायच्या. हात गार पाण्याच्या परातीत, मनगट आक्कांच्या मुठीत. पळणार कुठे? "सासू काय म्हन्ती? मालकांना रातपाळी लागली का?" पाणी कोमट झालं की बदलायचं आणि चौकशी पुढे चालू.

आक्का माझ्या भिंतीपलीकडच्या. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. वास्तविक भाजल्यावर शाई लावतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आक्कांपुढे शाईचं नाव काढायची सोय नव्हती. "हात हाय का वही? पाणी वता आदी!"

बरं, साऱ्या चाळीनं जावं, माझं काही म्हणणं नव्हतं. पण माझी सुमी? यांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही साताऱ्याकडून इथं आलो, आणि बघता बघता माझी पोर शेजारणीची झाली. एकदा तिच्या बोटाला चिमणीची तापलेली काच लागली. मी दौत उघडून समोर उभी, आणि ही मला ओलांडून धावत आक्कांकडे! मी तिची आई की उंबरठा? त्या दिवशी मी इतकी जळले, की भाकरी शेकायला चूल लागली नसती. यांना म्हटलं, "त्या बाईनं पोरीला मंतरलंय." हे म्हणाले, "तू शाई लावतेस, त्या पाणी." झालं. नवऱ्याची अक्कल तेवढीच.

मग एक दिवस भाताच्या वाफेनं माझाच हात पोळला. मी दौत शोधत होते, पण सुमीनं ओढतच नेलं. आक्कांनी बांगड्या उतरवल्या, हात पाण्यात धरला.

"आई गं!" मी कळवळले.

"ओ," आक्का म्हणाल्या.

मी चमकून पाहिलं. आक्का ओशाळल्या.

"सवय लागलीया. हितं समदी येऊन आई आईच करत्यात. तुमची सुमी बी. ती तुमालाच हाक मारती, मला ठावं हाय. पर मला आई म्हनाया कुनी न्हाई, म्हनून मनातल्या मनात ओ देती. आज त्वांडातनं गेलं."

माझी पोर पळवली म्हणून मी जिच्यावर जळत होते, ती माझ्या नावाची हाक चोरून ऐकत होती.

"थांबली का आग?" त्यांनी विचारलं.

आग केव्हाच थांबली होती.

"आई गं," मी म्हटलं आणि हात पाण्यातच ठेवला.