मार्थामावशींची तोंडी परीक्षा

बारामतीच्या बाजारात मार्थामावशींनी एकदा कोबी मोजून घेता घेता विचारलं, "का रं, पापाचे प्रकार किती?"

कोबीवाल्यानं झटकन तराजूवरचा हात काढला. "मावशी, काटा बरोबर हाय, आईची शपथ!"

मावशी आमच्या शेजारी. सत्तरीत त्यांनी चर्चमधला शनिवारचा ईशज्ञानाचा वर्ग धरला. वर्ग होता ख्रिस्ती प्रापंचिक बायकांसाठी. पण येईल त्याला घेत. म्हणून मलाही ओढलं. "तुमी हिंदू असला म्हणून काय झालं, वैनी? तुमाला भराभरा लिवता येतं की!"

शिकवायला एक तरुण सिस्टर होत्या. येशूनं लाजरसला मरणानंतर चौथ्या दिवशी उठवलं, असं त्यांनी सांगताच मावशींचा हात वर.

"तवर भावकीनं सातबाऱ्यावर नावं चढवली असतील की! जमीन परत मिळाली का न्हाय?"

"चार दिवसांत? तलाठी इतका चपळ नसतो, मावशी."

वर्ग खो खो हसला. मावशींना मात्र ते पटलं. तेव्हापासून त्या सिस्टरना मानू लागल्या. फादरांना अजून मानत नसत. प्रवचन चालू असताना पहिल्या बाकावरून अशी मान हलवत, की फादर लवकर आटपत.

वर्षाअखेरीस तोंडी परीक्षा झाली. बाप्तिस्म्याचा अर्थ मावशींनी न अडखळता सांगितला.

"छान! काही विचारायचंय?" सिस्टर म्हणाल्या.

"हाय." मावशींचा आवाज एकदम उतरला. "बाप्तिस्म्याआदीच गेलेलं लेकरू कुठं जातं?"

सिस्टरनी गुणांची वही मिटली. मावशीच पुढं बोलू लागल्या.

"अंथुर्णे गावच्या वस्तीवर हुतो तवा. सासू म्हणाली, त्याला सर्गाचं दार बंद. मी गप बसले."

इतक्या वर्षांचा शेजार, पण मावशींना मूल झालं होतं हे मला ठाऊक नव्हतं.

सिस्टर उठून त्यांच्याजवळ येऊन बसल्या. "त्याला आपण देवाच्या दयेवर सोपवतो, मावशी. लेकरांना माझ्याकडं येऊ द्या, असं येशूच म्हणाला. तोच दार लावून घेईल का?"

"म्हंजी आशा धरायला हरकत न्हाय?"

"धरायचीच."

घरी येताना आम्ही रिक्षात बसलो. मावशी एकदम दचकल्या. "अगं बया! पास झाले का न्हाय, इचारायचंच राह्यलं!"

मला हसू फुटलं. त्याही हसल्या. हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या, "पोरगा हुता, वैनी. आवाज लई मोठा हुता त्याचा. समद्या वस्तीला ऐकू जायचा."