‘च्च’ या व्यंजनाचा अर्ज

कोणताही आवाज कागदावर चढेपर्यंत नुसता गोंगाट असतो. हे सत्य आमच्या दुर्मिळ ध्वनी नोंदणी कार्यालयाच्या भिंतीवर लावलेलं नाही, कारण भिंतीवरच्या मजकुराची मंजुरी अजून यायची आहे. पण मनोमन आम्ही सगळे ते मानतो.

जगातल्या भाषांमधले दुर्मिळ आवाज हुडकून त्यांना क्रमांक देणं हे आमचं काम. कर्मचारी अकरा, त्यांपैकी ऐकणारे दोन (त्यातल्या एकाचे कान सध्या बंद आहेत). गेल्या नऊ वर्षांत आम्ही चारशे बारा आवाजांवर विचार केला आणि सहा नोंदवले. त्यातला एक पुढे दरवाजाचा निघाला. बिजागरीला तेल घातल्यावर ते व्यंजन लोप पावलं.

मी इथला आवक-कारकून. अर्ज घेणं, शिक्का मारणं आणि अर्जदाराला पुन्हा बोलावणं, ही तिन्ही कामं मी एकहाती सांभाळतो. स्वतःची टिमकी वाजवायची म्हणून सांगत नाही.

गेल्या वर्षी समोरच्या शिवणकामाच्या दुकानातल्या बाई आल्या. वय सत्तरीचं, गळ्यात मोजायची टेप तशीच राहिलेली. त्यांच्या भाषेत म्हणे एक वेगळंच व्यंजन आहे. जीभ वरच्या दातांच्या मागे चिकटवायची आणि झटकन ओढायची : च्च. त्यांच्यातला ‘ताई’साठीचा शब्द याच व्यंजनाने सुरू होतो आणि त्यापुढे फक्त ‘आ’ लागतो. ही भाषा बोलणारी माणसं उरली होती दोन, बाई आणि त्यांची धाकटी बहीण. व्यंजनाची नोंद झाली, तर बाईंच्या नातीला शाळेत त्या भाषेचा आठवड्याला एक तास मिळणार होता.

“साहेब, नात पाच वर्षांची आहे,” बाई म्हणाल्या. “जीभ वळतेय तोवर शिकेल. आमच्यामागे कुणीतरी बोलायला हवं ना!”

मला खरंच वाईट वाटलं. “च्च, च्च,” मी म्हणालो.

बाई ताडकन उठल्या. “हाच! अहो, हाच आवाज! तुम्हाला येतो की!”

“बाई, हे व्यंजन नव्हे,” मी शांतपणे समजावलं. “ही हळहळ आहे.”

दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या नोंदवहीप्रमाणे हा आवाज व्यंजन म्हणून शेकडा एका भाषेतही सापडायची मारामार. हळहळ म्हणून मात्र तो आमच्या एका मजल्यावर दिवसाला सरासरी एकशे चाळीस वेळा निघतो (सोमवारी जास्त). एकदा काढला तर नकार, दोनदा काढला तर सहानुभूती, तीनदा काढला तर दातात काहीतरी अडकलेलं असतं. पालीसुद्धा तो काढतात, पण त्यांनी अद्याप रीतसर अर्ज केलेला नाही.

नियम चार असं सांगतो की, एकट्याने काढला तर तो आवाज, दोघांनी आपसात बोलताना काढला तर व्यंजन. तेव्हा दोघी बहिणींनी समितीसमोर बोलणं भाग होतं. पहिल्या तारखेला अध्यक्ष रजेवर होते. दुसऱ्या तारखेला बहिणी आल्या, पाऊण तास भरभरून बोलल्या, मध्येच कशावरून तरी खो खो हसल्या. पण अर्जात ‘दंत्य’ऐवजी ‘दंती’ लिहिलेलं निघालं, आणि सगळं मुसळ केरात. (चूक माझीच होती. ती मी मोठ्या मनाने बाईंच्या नावावर घातली.) तिसऱ्या तारखेला धाकटी अंथरुणाला खिळलेली होती. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली, पण तिच्यासाठी आमच्याकडे रकाना नाही.

चौथ्या तारखेला बाई एकट्याच आल्या.

“बहीण कुठे?” अध्यक्षांनी विचारलं.

“गेली. मंगळवारी.”

समितीच्या तिन्ही सदस्यांनी एकदम तो आवाज काढला. स्पष्ट, दंत्य, शास्त्रशुद्ध! इतका सुरेख उच्चार या इमारतीत मी कधी ऐकला नव्हता.

बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. “तुम्ही तिघं आहात,” त्या म्हणाल्या. “मला एकच माणूस हवं होतं. माझ्याशी कुणीतरी एक शब्द बोला. मला ताई म्हणा. पहिलं अक्षर येतंच आहे तुम्हाला, पुढे नुसता ‘आ’ लावायचा.”

तिघंही कागदात डोकं खुपसून बसले. अध्यक्षांचा जबडा किंचित हलला, पण इतिवृत्तात जबडा लिहीत नाहीत. खोटं कशाला बोलू, मलाही उठून म्हणावंसं वाटलं, जीभ दातांना लागलीसुद्धा होती. पण आवक-कारकुनाने व्यंजन उच्चारावं अशी तरतूद कुठेच नाही. अर्ज त्याच दिवशी निकाली निघाला. शेरा : ‘दुसरी भाषक व्यक्ती उपलब्ध नाही.’

“नातीला काय सांगू?” बाईंनी दारातून विचारलं. हा प्रश्न विहित नमुन्यात नसल्याने त्याची आवक झाली नाही.

तेव्हापासून ही हकिगत मी पाहुण्यारावळ्यांना, शेजाऱ्यांना, रांगेत उभ्या असलेल्यांना सांगत आलोय. प्रतिसाद अतिशय उत्तम आहे. एकूण एक माणूस तो आवाज बिनचूक काढतो आणि मग घड्याळात बघतो. बाईंचं दुकान सकाळी नऊला उघडतं, पण पुढचा ‘आ’ लावायला तिथे कुणी गेल्याचं ऐकिवात नाही. आपणही आत्ता वाचता वाचता तो आवाज काढलात. लाजू नका, छान जमला होता. आता खुशाल पान उलटा.