तिसरा प्रश्न

वकीलसाहेबांच्या सोफ्यावर त्यांचा मेहुणा चार महिन्यांपासून आडवा होता. शेजाऱ्याचं ट्रंपेट गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बुडवल्याचा खटला त्याच्यावर चालू होता आणि निर्दोष सुटल्याशिवाय घरमालक त्याला खोलीत पाऊल ठेवू देत नव्हता. त्यामुळे वकीलसाहेब हा खटला जीव तोडून लढवत होते. चार महिने ते स्वतःच्याच घरात स्टुलावर बसून चहा पीत होते.

साक्षीदार एकच, जिन्याखालचा इस्त्रीवाला. त्याचा मेहुण्यावर दात होता. तेवढं दाखवलं की सोफा मोकळा.

"आकसाबद्दल तीन प्रश्न विचारा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "मागच्या खटल्यात तुम्ही साक्षीदाराच्या आजोबांपर्यंत पोचला होतात. आज तीन म्हणजे तीन."

वकीलसाहेबांचं तोंड उतरलं. त्यांनी एकेचाळीस प्रश्न काढून आणले होते.

"तुमचं आणि आरोपीचं पटत नाही, खरं ना?"

"तोंड बघत नाही मी त्याचं," इस्त्रीवाला म्हणाला.

"'याला आत टाकल्याशिवाय राहणार नाही', असं जिन्यात चारचौघांत म्हणालात?"

"म्हणालो. परत म्हणू?"

न्यायाधीशबाईंनी लिहून घेतलं. "साक्षीदाराच्या मनात राग आहे, हे कोर्टाला पटलं. अशा साक्षीवर किती विसंबायचं ते मी बघते. बसा आता."

सरकारी वकील तर फाइल बांधायलाच लागले. पण एकेचाळिसातले तीन पदरात पडलेले, त्यातलाही एक वाया घालवायचा? वकीलसाहेबांची जीभ वळवळू लागली. मेहुण्याने मागून त्यांचा कोट ओढला.

"भाऊजी, बसा ना!"

"गप रे. माझा एक राहिलाय." ते साक्षीदाराकडे वळले. "इतका राग का बरं तुम्हाला?"

इस्त्रीवाल्याचा चेहरा खुलला. "बरं झालं विचारलंत! सकाळी सांगायला गेलो तर तुम्हीच हरकत घेतलीत. गेल्या वर्षी यानं माझा रेडिओ त्याच टाकीत बुडवला. वर मला म्हणतो, आता ट्रंपेटवाल्याचा नंबर!"

सरकारी वकिलांनी फाइल पुन्हा सोडली.

"बाईसाहेब, आणखी एकच..."

"तीन झाले."

मेहुणा दोषी ठरला. कोर्टात सिद्ध झालेला पहिलाच गुन्हा म्हणून बाईंनी त्याला तुरुंगात धाडलं नाही. वर्षभर एखाद्या जबाबदार नातेवाइकाच्या घरी, त्याच्या नजरेसमोर राहायचं, एवढीच अट घातली. असा नातेवाईक कोण, हे विचारायची त्यांना गरजच पडली नाही. त्या थेट वकीलसाहेबांकडे बघत होत्या.

घरी बायकोने दारातच विचारलं, "काय झालं?" तिच्या भावाने सगळं खरंखरं सांगितलं. मग तिने जी उलटतपासणी सुरू केली, तिला आवरायला तिथे कोणी न्यायाधीश नव्हता. सतराव्या प्रश्नापर्यंत वकीलसाहेब उभेच होते. टेकायला जागा शोधत ते इकडेतिकडे बघू लागले. स्टुलावर बायको होती.

मेहुण्याने सोफ्यावरचे पाय थोडे आखडले. वीतभर जागा झाली.

"मी तर तेव्हाच म्हणत होतो, भाऊजी," तो म्हणाला. "बसा."