बॉनेट उघडं असलेली गाडी

घरजावयाने सासऱ्यांच्या घरातलं काहीही मोडावं, गाडी मोडू नये. सासरेबुवांची गाडी त्यांच्या मुलीपेक्षा वयाने मोठी होती आणि दोघींचे लाडही त्याच क्रमाने झाले होते. मुलगी देताना त्यांनी फारशी चौकशी केली नव्हती, गाडीची किल्ली मात्र जावयाला आजतागायत दिली नव्हती. "हजार गाड्यांत उभी करा, डोळे मिटून ओळखीन," असं ते येईल त्या पाहुण्याला ऐकवत. शिवाय गाडी कंपनीतून निघाली तशीच आहे, एक स्क्रूसुद्धा बाहेरचा नाही, हेही सांगून टाकत.

त्या रविवारी ते स्कूटरवरून कुणा मित्राच्या घरी सांत्वनाला गेले. सासूबाईंना अंगण धुवायचं होतं. सासऱ्यांच्या कपाटातली किल्ली काढून देत, गाडी जरा मागे घ्या, असं त्यांनी जावयाला सांगितलं. जावयाने ती जरा मागे घेतली आणि डावा आरसा फाटकाच्या खांबाला अर्पण केला.

"ते यायच्या आत आरसा जागेवर दिसला पाहिजे," सासूबाई काचा झाडत म्हणाल्या. "नाहीतर मी तुम्हाला ओळखत नाही."

"मी तर आत्ताच ओळखत नाही," बायको म्हणाली.

इतक्या जुन्या गाडीचा आरसा दुकानात मिळत नाही. तो मिळतो गावाबाहेरच्या भंगार गाड्यांच्या यार्डात. तिथे गिऱ्हाईक आपला पाना घेऊन जातं आणि हवं ते स्वतःच काढून घेतं. नियम एकच. बॉनेट बंद असेल तर हात लावायचा नाही, उघडं असेल तर खुशाल ओरबाडा. जावयाला हा नियम कुणी सांगितला नव्हता. त्याला दुसराच नियम तोंडपाठ होता. गाडी थांबली रे थांबली की उतरून बॉनेट उघडायचं, नाहीतर इंजिन तापून बसतं, आणि ते उघडणं हे त्या घरातलं त्याचं कायमचं काम होतं. आरसा जुळवून बघायला तो तीच गाडी घेऊन गेला, आणि यार्डाच्या दारातल्या डबक्याने ती नंबर प्लेटपासून टपापर्यंत चिखलाने माखली. त्याने ती रांगेच्या टोकाला लावली, सवयीने बॉनेट उघडलं आणि आरसा शोधायला गेला.

आरसा मिळालाही. परत येऊन बघतो तर गाडीच्या पोटात कुणीतरी कमरेपर्यंत शिरलेलं. चाकांच्या टोप्या जमिनीवर, वायपर पिशवीत. जावई ओरडणार तेवढ्यात तो माणूस हॉर्न हातात घेऊन वळला. सासरेबुवा होते.

आधी सासरेबुवा सावरले आणि तुम्ही इथे कसे, असं त्यांनी दरडावून विचारलं. जावयाने आरसा पुढे केला. आपल्या गाडीचा डावा आरसा डागाळलाय, तुम्हाला न सांगता नवा बसवावा म्हटलं, असं तो बोलून गेला. भीतीपोटी माणूस फार सुरेख खोटं बोलतो.

सासरेबुवा विरघळले. "घरी बोलू नका," ते हळूच म्हणाले. "मी महिन्याला एक मित्र मारतो आणि इथे येतो. आपल्या गाडीत आता कंपनीचं फक्त नाव उरलंय. पण ही बघा, आपल्या गाडीची जुळी बहीण. काय हाल केलेत. हिचा मालक माणूस आहे की जनावर?"

"जनावरच," जावई मनापासून म्हणाला.

"आपल्या गाडीच्या पासंगालाही पुरणार नाही. हॉर्न तेवढा बरा आहे."

खरं काय ते जावयाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण डोळे मिटून ओळखणाऱ्याला ती डोळे उघडे ठेवून ओळखता आली नाही, हे सांगायचं कुणी? आणि ती इथे आली कशी, हे त्यानंतर सांगायचं कुणी? आपली गाडी घरीच आहे ना, असं सासरेबुवांनी विचारल्यावर त्याने छातीठोकपणे हो म्हटलं.

सासरेबुवा पैसे चुकते करून स्कूटरवरून खरोखरच एका मित्राकडे गेले. कुणी विचारलंच तर साक्षीला एखादा जिवंत मित्र हवा, हे त्यांचं धोरण होतं. इकडे यार्डवाल्याने जावयाला दारात अडवलं. हिचे पार्ट मी आत्ताच विकले, तेव्हा गाडी माझी, असं त्याचं म्हणणं. किल्ली फिरवून इंजिन सुरू झाल्यावरच त्याची खात्री पटली, कारण त्याच्याकडची एकही गाडी सुरू होत नसे. मग हॉर्नऐवजी खिडकीतून स्वतः ओरडत जावई घरी पोहोचला. गाडी धुतली, आरसा बसवला आणि देवाचं नाव घेत बसून राहिला.

संध्याकाळी सासरेबुवांनी गाडीभोवती एक फेरी मारली. टोप्या नाहीत, वायपर नाहीत, हॉर्न नाही. त्यांचा चेहरा लाल झाला. जावई त्यांच्या कानाशी लागला.

"तुम्ही नवे आणलेत ना बाबा, म्हणून जुने मीच काढून टाकले. तुमचे कष्ट वाचावेत म्हणून."

सासरेबुवांनी लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग एकेक पार्ट बसवायला घेतला. सगळे कसे आपसूक बसत गेले.

"बघा, जसे हिच्यासाठीच बनवलेत," ते म्हणाले. त्यांनी हॉर्न वाजवला आणि समाधानाने मान हलवली. "आधीच्याचा घसा बसला होता. हा खरा आवाज."

आणि त्यांनी किल्ली जावयाच्या हातावर ठेवली. जावयाला भरून आलं. इतक्या वर्षांत या घरात त्याला कुणी काही सोपवलं नव्हतं.

"पुढच्या रविवारी तुम्ही गाडी घेऊन या," सासरेबुवा कुजबुजले. "मी स्कूटरने पुढे होतो. ती जुळी अजून तिथेच असेल. तिचं इंजिन काढून आणू."