वाघाचा सोमवार

एका जंगलात, मुलांनो, एक वाघ होता आणि तो सोमवार पाळायचा. सोमवारी मांसाला शिवायचा नाही. उंबरं खायचा, पाणी प्यायचा आणि पडून राहायचा. मंगळवारी मात्र उजाडायच्या आत कुणाचा तरी फडशा पाडायचा.

त्यामुळे जंगलातली सगळी शुभकार्यं सोमवारीच निघत. मुहूर्त कुणी बघत नसे. वाघालाही रीतसर आमंत्रण जाई. तो येई, पहिल्या पंगतीला बसे आणि नवरानवरीला 'सुखी राहा' म्हणून जाई. काही जोडप्यांना तो मंगळवारी पुन्हा भेटे, पण तो विषय लग्नात कुणी काढत नसे.

त्याच जंगलात दाजीबा नावाचं एक भेकर राहायचं. भेकर म्हणजे लहान चणीचं हरीण. दाजीबांना दुसऱ्याच्या बोलण्यातली विसंगती सहन व्हायची नाही. कावळा म्हणे, पितरंबितरं सगळं थोतांड, आणि पिंड मांडला की सगळ्यांत आधी हजर. दाजीबांनी त्याला गाठून तासभर झापलं. कावळ्याने मान डोलावली आणि दुसऱ्या पिंडाकडे उडाला. त्या दिवशी दाजीबांना चारा गोड लागला नाही.

अशी माणसं तुमच्याही घरात असतील. ती वाईट नसतात, पण त्यांच्या शेजारी जेवायला बसू नये.

तर दाजीबांच्या रेवूचं लग्न ठरलं. अर्थात सोमवारी. आदल्या दिवशी त्यांच्या बायकोने, सगुणाबाईंनी, त्यांना बाजूला घेतलं.

"अहो, पोरीचं कार्य आहे. उद्याचा एक दिवस कुणाचं काही काढू नका."

दाजीबांनी शब्द दिला.

मंगळाष्टकं सुरू झाली. वाघ दाजीबांच्या शेजारीच बसला होता, पुढ्यात उंबरं घेऊन. चार मंगळाष्टकं दाजीबा गप्प राहिले. पाचव्याला त्यांना राहवेना.

"वाघोबा, राग मानू नका. पण जीव घेणं पाप असेल, तर ते मंगळवारीही पापच. आणि पाप नसेल, तर सोमवारी उपाशी का?"

वाघ विचारात पडला. म्हणाला, हे कधी लक्षातच आलं नाही. वडील करायचे म्हणून मीही करतो. दाजीबांना भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी त्यांचं म्हणणं पटलं होतं. उपवासावर आपला काडीचाही विश्वास नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं.

"काडीचाही नाही?" वाघाने विचारलं.

"मुळीच नाही."

"मग आज माझ्या मांडीला मांडी लावून कसे बसलात?"

दाजीबांनी खूप विचार केला. आपल्याही विचारात विसंगती निघावी याची त्यांना मनापासून लाज वाटली, आणि तसं त्यांनी कबूलही केलं. वाघाने त्यांची समजूत काढली आणि एकाच घासात दोघांच्याही विसंगती मिटवल्या.

अंतरपाट टाकून वऱ्हाड पळालं. रेवूचं लग्न मोडलं, आणि मला त्या पोरीचं फार वाईट वाटतं. पुढे त्या जंगलात कुणाचंच लग्न लागलं नाही, कारण त्यासाठी आठवड्यात एकही वार उरला नव्हता. वाघाच्या वैचारिक प्रामाणिकपणाचा सत्कार करायला शेजारच्या जंगलातून काही मंडळी आली होती. ती अजून परतलेली नाहीत.

तात्पर्य : शेजारी दांभिक असेल, तर त्याला सुधारायला जाऊ नये. तो दांभिक आहे, म्हणून तर आपण अजून त्याचे शेजारी आहोत.